प्रवाळांमधलं अंतर मोजणारी पट्टी

आमच्या खालच्या मजल्यावरच्या बाईंचं परदेशी जायचं ठरलं, तेव्हा त्यांनी सोफा विकला, फ्रिज बहिणीला दिला, पण समुद्राच्या टाकीचं काय करायचं ते त्यांना सुचेना. चार फूट लांबीची टाकी, आत खारं पाणी, चार मासे, एक शंखवाला खेकडा, आणि दगडांवर वाढलेली जिवंत प्रवाळं. कोथिंबीर मागायच्या, डबा परत द्यायच्या निमित्ताने मी आठवड्यातून दोनदा तरी त्यांच्याकडे जाऊन ती टाकी बघत उभी राहायचे. एका संध्याकाळी त्या म्हणाल्या, "तुम्हीच घेऊन जा ना ही. माझ्यापेक्षा तुम्हीच तिला जास्त बघता."

घरी येऊन मी नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "खाऱ्या पाण्याची टाकी? पिंपळे सौदागरमध्ये?" आणि पाच मिनिटांनी टेप घेऊन भिंत मोजायला लागला. मुलगी शिकायला नागपूरला गेली होती, तिच्या अभ्यासाच्या टेबलाची जागा रिकामीच होती.

मी चाकणच्या एका कंपनीत गुणवत्ता विभागात काम करते. गाड्यांचे सुटे भाग मापात आहेत की नाहीत हे तपासायचं. पहाटे कंपनीची बस असते, गुरुवारी सुट्टी. घरी आम्ही तिघं: मी, नवरा आणि सासरे. सासरे मूळचे लातूरकडचे. तिकडे सुना सासऱ्यांना मामा म्हणतात, तसंच मीही म्हणते. विसाव्या वर्षी ते कामासाठी पिंपरीला आले, एकाच कारखान्याच्या टूलरूममध्ये अख्खी नोकरी केली आणि सांगवीला दोन खोल्या बांधून राहिले. सासूबाई गेल्यावर आम्ही त्यांना आमच्याकडे आणलं. माणूस शांत. आमचं बोलणं म्हणजे, "मामा, चहा ठेवू?" "ठेव." "गोळी घेतली?" "घेतली." भांडण कधी नाही, पण गप्पाही नाहीत. मी बसमधून उतरून घरात शिरले की ते टीव्हीचा आवाज कमी करायचे, एवढंच.

टाकी वर आणायला सहा माणसं लागली. बाईंनी प्रवाळांचे कागद एका फाइलमध्ये घालून दिले. आपल्या समुद्रातलं प्रवाळ उचलणं गुन्हा आहे, त्यामुळे कुठला तुकडा कुठून आला याची नोंद लागते. हे सगळे परदेशात टाक्यांमध्येच वाढवलेल्या प्रवाळांचे तुकडे होते. मग मी त्यांची मांडणी करायला बसले. मोबाईलवर एक फोटो होता, त्यात सगळी प्रवाळं एकमेकांना खेटून फुलांच्या गुच्छासारखी दिसत होती. मी साधारण तसंच केलं, मधे हात जाईल एवढीच जागा सोडून. मधोमध सोनेरी टोकांची, केसाळ मऊ हातांची एक जात ठेवली, तिला टॉर्च म्हणतात. तिच्या शेजारी मेंदूसारख्या वळ्यांचं एक हिरवं गोल प्रवाळ. त्याला आम्ही मेंदूच म्हणायला लागलो. खाली छोट्या बटणांसारखी केशरी फुलं, आणि कडेला पाण्यात डोलणारं चामड्यासारखं जाड एक झाड.

मामा खुर्ची ओढून बसले. "हे पोवळं म्हणजे अंगठीतलं का?"

"त्याच्याच नात्यातलं. पण हे जिवंत आहे, मामा. झाडासारखं दिसतं, पण प्राणी आहे. एकेका गोळ्यात शेकडो बारके प्राणी असतात, प्रत्येकाला तोंड, प्रत्येकाला हात."

"अस्सं," मामा म्हणाले. दुसऱ्या दिवसापासून त्यांची खुर्ची टीव्हीसमोरून उठून टाकीसमोर गेली.

तीन आठवडे सगळं छान चाललं. मग मेंदूच्या एका बाजूला पांढरा डाग दिसला. हिरवं मांस जाऊन आतलं हाड उघडं पडलं होतं. मी पाण्याचा खारेपणा मोजला, तापमान मोजलं, कॅल्शियम मोजलं, वहीत आकडे लिहिले. सगळं मापात. तरी थोडं पाणी बदललं. डाग वाढतच गेला. कंपनीत भाग तपासताना माझं लक्ष लागेना. मला वाटायचं, बाईंनी विश्वासाने दिलेला जीव मी महिन्याभरात मारला.

तिसऱ्या संध्याकाळी मी पुन्हा नळ्या घेऊन पाणी मोजत होते. मामा खुर्चीतून म्हणाले, "पाण्यात खोट न्हाई, पोरी. त्याला शेजारचं मारायलंय."

"कोण मारतंय?"

"ते सोनेरी."

मी जरा हसलेच. "मामा, त्यांच्यात पाच इंच अंतर आहे."

"दिवसा हाय. पहाटं न्हाई. मी रोज बघतो ना."

पहिल्या शिफ्टची सवय आयुष्यभराची, त्यामुळे ते साडेचारला उठतात हे मला माहीत होतं. उठून ते अंधारात टाकीसमोर बसतात हे माहीत नव्हतं. मी विचारलं, "मग आधी का नाही सांगितलं?"

"तू वही घेऊन एवढं मोजायलीस. म्हणलं, तुला ठाऊक असंल."

दुसऱ्या दिवशी मी नेहमीपेक्षा पाऊण तास आधी उठले. पांढऱ्या उजेडाने प्रवाळं हात आखडून घेतात असं मी वाचलं होतं, म्हणून मुलीच्या कप्प्यातला लाल जिलेटिन कागद बॅटरीला रबराने बांधला. मामांनी बाजूला सरकून मला जागा दिली. मी बॅटरी लावली. टॉर्चच्या बाजूने दोऱ्यासारखे लांब, जवळजवळ पारदर्शक हात बाहेर आले होते. प्रत्येकाच्या टोकाला पांढरा ठिपका. पंपाच्या प्रवाहात ते एकाच दिशेला ताणले जात होते आणि बरोबर मेंदूच्या त्या डागावर टेकत होते. टेकायचे, सुटायचे, पुन्हा टेकायचे. इतक्या हळू, की कुणी कुणाला मारतंय असं वाटूच नये.

"वीतभर हाय की न्हाई?" मामा कुजबुजले.

वीतभर होतं. नऊ इंच तरी.

मी इतकी हरखले की बस चुकता चुकता राहिली. आपलं प्रवाळ जखमी झालंय याचं दुःख करायचं सोडून मी दिवसभर भेटेल त्याला सांगत सुटले, की माझ्या घरात अंधारात हात लांब करून लढणारा प्राणी आहे. जागेसाठी लढतात ती. चालता येत नाही, मग शेजारी जास्त जवळ आला की त्याला जाळतात.

संध्याकाळी मामांनी मला खुर्चीत बसवलं आणि स्वतः उभे राहिले. "मांडताना क्लिअरन्स किती धरला होतास?"

क्लिअरन्स, म्हणजे दोन भागांत सोडायची मोकळी जागा, हा शब्द मी दिवसातून पन्नास वेळा कंपनीत ऐकते. घरात पहिल्यांदा ऐकला. "अंदाजाने ठेवलं, मामा."

"क्वालिटीत हाईस ना तू?"

मला हसू आवरेना. तेही हसले, आणि मग बोलायला लागले. टूलरूममध्ये त्यांचं काम गेज बनवायचं होतं. गेज म्हणजे तपासणीचं साधन: एक टोक भोकात गेलं पाहिजे, दुसरं जाता कामा नये, म्हणजे माप बरोबर. तसली गेजं मी बावीस वर्षं हातात घेऊन काम करतेय. ती कुणीतरी हाताने घासून बनवतं, आणि तसा एक माणूस माझ्या घरात बसलाय, हे माझ्या कधी डोक्यातच आलं नव्हतं. आणि मी चाकणला नक्की काय करते, हे त्यांनीही कधी विचारलं नव्हतं. त्या दिवशी स्वयंपाकाला उशीर झाला. नवरा आला तेव्हा आम्ही दोघं ओट्याजवळ बसून केसाहून बारीक मापावर वाद घालत होतो. तो बाहेरून पोळीभाजी घेऊन आला.

मामांनी लगेच काही हलवू दिलं नाही. आठवडाभर रोज पहाटे त्यांनी ग्राफ पेपरवर टाकीचा नकाशा काढला. प्रत्येक प्रवाळाभोवती त्याचा हात कुठपर्यंत पोचतो ते पेन्सिलीने आखलं. त्यातून त्यांना कळलं, की ती वर्तुळं नव्हेत. पंपाचा प्रवाह जिकडे जातो तिकडे हात दुप्पट लांब जातात, आणि उलट बाजूला जेमतेम चार बोटं. "म्हून प्रवाहाच्या खालच्या अंगाला जास्त जागा सोडायची. वरच्या अंगाला कमी चालंल," ते म्हणाले. मी पाण्याच्या रसायनाची अर्धी वही भरली होती, पण पंपाचं तोंड कुठे आहे हे एकदाही बघितलं नव्हतं.

मोजायचं कसं हा पुढचा प्रश्न. काचेबाहेरून पट्टी लावली की माप चुकायचं, कारण पाण्यातली वस्तू आहे त्याहून जवळ दिसते. पट्टी पाण्यातच घालायला हवी. मामा आपली जुनी स्टीलची पट्टी घेऊन टाकीकडे निघाले, तेव्हा मी धावत जाऊन त्यांचा हात धरला. खाऱ्या पाण्यात धातू गंजतो आणि प्रवाळं मरतात.

ते दुसऱ्या दिवशी सकाळी बस पकडून पिंपरीला गेले. दुकानांच्या पाट्या बनवणाऱ्याकडून अ‍ॅक्रिलिकचे उरलेसुरले तुकडे पिशवीभर घेऊन आले. मग तीन दिवस बाल्कनीतून कानशीचा आवाज येत राहिला. शेजारच्या काकू विचारायला आल्या, तुमच्याकडे फर्निचरचं काम काढलंय का म्हणून. चौथ्या दिवशी मामांनी ती पट्टी माझ्या हातात दिली. दोन वीत लांब, कडा इतक्या गुळगुळीत की बोट फिरवत राहावं. दर सेंटिमीटरला बारीक खाच. आणि वेगवेगळ्या लांबीचे तीन छोटे तुकडे: एक टॉर्चसाठी, एक मेंदूसाठी, एक गरीब प्रवाळांसाठी. प्रत्येकाच्या एका तोंडाला त्यांनी कोरलं होतं 'जा' आणि दुसऱ्याला 'थांब'. दोन प्रवाळांच्या मधे तुकडा आडवा मावला तर 'जा', म्हणजे ठीक; अडला तर 'थांब', म्हणजे हलवायचं.

"मामा, हे लॅबमध्ये ठेवण्यासारखं झालंय," मी म्हणाले.

"डोळे पहिल्यासारखे न्हाईत," ते म्हणाले, पण तो तुकडा त्यांनी दोनदा उजेडात धरून बघितला.

मांडणी गुरुवारी करायची ठरलं. त्या दिवशी दुरुस्तीसाठी वीज जाणार होती, ती गेलीच. पंप बंद पडले आणि पाणी आरशासारखं थांबलं. आमच्या कामाला तेच हवं होतं. कोपरापर्यंतचे हातमोजे घालून मी आत हात घातले, कारण काही जातींचा चीक माणसालाही अपाय करतो. मामा बाहेरून सांगत होते, "डावीकडं. अजून. गेज लाव. अडायलंय? मग अजून." नवरा बादली धरून उभा होता आणि त्याला दर दोन मिनिटांनी कुणीतरी ओरडत होतं. टॉर्चला एका टोकाला नेऊन एकटं ठेवलं. मेंदूला प्रवाहाच्या वरच्या अंगाला आणलं. केशरी बटणं खालच्या वेगळ्या दगडावर.

तासाभराने मागे सरकून बघितलं तर टाकी ओकीबोकी. नवरा म्हणाला, "आठवडी बाजार उठल्यावर मैदान दिसतं तसं दिसतंय." मलाही मनातून आवडलं नव्हतं. मी म्हणाले, "मामा, एवढी जागा खरंच लागेल?"

"आज न्हाई लागत. वर्षाने लागंल. ही वाढणार का न्हाई? वाढीचं माप आधीच धरावं लागतं."

दहा-बारा दिवसांनी मेंदूचा डाग वाढायचा थांबला. मग एका संध्याकाळी पांढऱ्या हाडाच्या काठावर हिरवी किनार दिसली, केसाएवढी. पुढच्या आठवड्यात ती दोऱ्याएवढी झाली. मांस परत हाडावर चढत होतं. मी मुलीला व्हिडिओ कॉल करून दाखवलं. तिला काही दिसलं नाही, पण आजोबांचा नाचरा हात मधे मधे येत होता तो दिसला, आणि ती त्यावरच खूश झाली.

सगळंच असं सरळ गेलं नाही. मेंदू बरा झाल्यावर एका पहाटे मामांनी मला हलवून उठवलं. ज्याला आम्ही बिचारा समजत होतो, त्यानेच वीतभर हात काढून खालच्या केशरी बटणांना जाळायला सुरुवात केली होती. मामांना याचा केवढा आनंद झाला. "हे बी काय साधं न्हाई," ते दिवसभर म्हणत होते. नकाशात त्याचं क्षेत्र वाढवलं, बटणांचा दगड सरकवला. तीन दिवसांनी टाकीतल्या शंखवाल्या खेकड्याने तो दगड ढकलून पुन्हा तिथेच पाडला. मग आम्ही तो चिकटवून टाकला.

एकदा मात्र मामांची पट्टी हरली. कुणीच कुणाला टेकत नव्हतं, सगळीकडे 'जा', तरी केशरी बटणं आठवडाभर मिटून बसली. मामा रोज माप घ्यायचे आणि कपाळाला आठ्या घालायचे. शेवटी मला वाचनात सापडलं, की ते चामड्यासारखं झाड हात उगारत नाही, ते पाण्यातच विषारी रस सोडतं. तिथे अंतराचा उपयोग नाही. पाणी कोळशातून गाळावं लागतं. मी सक्रिय कोळशाची पिशवी फिल्टरमध्ये ठेवली आणि दोन दिवसांत बटणं उघडली. मामांनी ऐकून घेतलं, पट्टी पुसून ठेवली आणि म्हणाले, "हे माझ्या गेजात बसत न्हाई. हे तू सांभाळ." तेव्हापासून कोळसा माझ्याकडे, अंतर त्यांच्याकडे.

वर्ष सरता सरता टॉर्च खरोखरच वाढली. एका डोक्याची सात डोकी झाली. मोकळी वाटणारी जागा भरत आली आणि 'जा' म्हणणारा तुकडा अडायला लागला. आता कलमं करायला हवी होती. प्रवाळाचंही कलम होतं, गुलाबासारखंच. हाडाच्या फांदीवर कापायचं, आणि तुकडा वेगळ्या दगडावर लावायचा. पहिल्यांदा कापताना मी दोनदा करवत लावली आणि दोनदा उचलली. मामांनी बारीक करवत माझ्याकडून घेतली, फांदी न्याहाळली आणि तीन ओढींत कापली. फडकीवर टपटप पाणी पडलं. तुकडा अर्ध्या तासात नव्या जागेवर हात पसरून बसला.

कलमांचं करायचं काय म्हणून आम्ही सांगवीत भरणाऱ्या एका मेळाव्याला गेलो. समुद्राच्या टाक्या ठेवणारे पंचवीस-तीस जण एका हॉलमध्ये जमतात आणि आपापल्या कलमांची अदलाबदल करतात. रविवार होता, मी एका सहकारी बाईंशी सुट्टी बदलून घेतली. मामांनी इस्त्रीचा शर्ट घातला आणि खिशात गेजचा संच ठेवला. वाटेत त्यांचं जुनं घर लागलं तेव्हा त्यांनी स्कूटर थांबवायला सांगितलं, समोरच्या दुकानदाराला हात केला, आणि "चल, उशीर व्हायलाय," म्हणाले.

हॉलमध्ये बहुतेक जण आयटीतले, हातात मोबाईल, पाण्याचे आकडे अ‍ॅपमध्ये. एक जण वैतागून सांगत होता, की त्याच्या टाकीत दोन प्रवाळं दर महिन्याला जळतात आणि पाणी तर एकदम उत्तम आहे. मामा मागे बसले होते. त्यांनी तिथूनच विचारलं, "पंपाचं तोंड कुठल्या बाजूला हाय?"

तो मागे वळला. "उजवीकडे, काका. का?"

"आणि जळतं कुठलं? डावीकडचं?"

त्याने मोबाईलवर टाकीचा फोटो उघडला. मग म्हणाला, "हो. दोन्ही वेळा डावीकडचंच."

मामांनी ग्राफ पेपर उलगडला. पुढचा तासभर मी त्यांना इतकं बोलताना पहिल्यांदाच ऐकलं. हात किती लांब जातो, लाल उजेडात कसं बघायचं, काचेबाहेरचं माप का खोटं, वाढीची जागा कशी धरायची. लोक खुर्च्या ओढून जवळ आले. कुणी नकाशाचे फोटो काढत होतं. एक बाई गेजचा तुकडा हातात फिरवत म्हणाल्या, "काका, याच्या कडा मशीनवर केल्यात?" मामांनी आपले दोन्ही हात वर करून दाखवले. हॉलभर हशा पिकला. कोळशाचा विषय निघाला तेव्हा मात्र त्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं. "ते हिला विचारा. त्यात ही मोठी." मी उभी राहून बोलले.

निघताना त्यांच्या खिशात अकरा जणांची नावं लिहिलेला कागद होता. सगळ्यांना गेज हवं होतं. आमची चार कलमं गेली आणि बदल्यात एक जांभळ्या टोकांचं प्रवाळ मिळालं, हातोडीच्या आकाराचं. ते पिशवीत घालून थर्माकोलच्या डब्यात ठेवलं आणि डबा मामांच्या मांडीवर. मी स्कूटर हळू चालवत होते.

"हे मधल्या दगडावर," ते मागून म्हणाले.

"मधल्या दगडावर ऊन जास्त लागतं. म्हणजे दिव्याचं. याला खाली ठेवायचं."

"खाली प्रवाह न्हाई."

"थोडा आहे. आणि टॉर्चशी जवळचं नातं आहे याचं, पण टॉर्च याला मारते. मेंदूपासूनही लांब पाहिजे."

"मग मेंदूलाच हलवू."

"मामा, मोठ्या मुश्किलीने तो बरा झालाय. त्याला नाही हलवायचं."

पिंपळे गुरवच्या सिग्नलला आम्ही थांबलो तेव्हा दोघंही मोठ्याने बोलत होतो. शेजारच्या रिक्षावाल्याने इंजिन बंद केलं, आमच्याकडे वळून बघितलं आणि मामांना विचारलं, "काय झालं, राव? कुणाचा मेंदू हलवायचाय?"

मामांनी डब्याचं झाकण उघडून त्याला आतलं जांभळं दाखवलं आणि सिग्नल सुटेपर्यंत समजावून सांगितलं. मागच्या गाड्या हॉर्न वाजवायला लागल्या तरी त्या दोघांचं संपलं नव्हतं.